तू फक्त रीडिंग लिही

"आकडा टाकलास होय गं? इथंसुद्धा?"

सर असं म्हणाले आणि अख्खी बॅच हसली. बाहेरून आलेले परीक्षकही हसले. आधी त्यांना कळलं नव्हतं, मग सरांनी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि मग ते हसले. टेबलावर अँमीटर होता. त्याचा काटा शेवटच्या रेघेच्या पलीकडे आपटून वाकला होता. आतून जळका वास येत होता. माझ्या हातात अजून दोन वायरी होत्या, एक लाल, एक काळी. त्या खाली ठेवायच्या की धरून ठेवायच्या, हेही मला कळेना. मी धरूनच उभी राहिले.

धुळ्याच्या देवपुरातलं एक कॉलेज. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, पहिलं वर्ष, पहिल्या सत्राची प्रॅक्टिकल परीक्षा. चिठ्ठीत मला सगळ्यांत सोपा प्रयोग आला होता. एका रोधाचं व्होल्टेज मोजा, करंट मोजा, त्यावरून रेझिस्टन्स काढा, पॉवर काढा. व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स. व्होल्टेजला करंटनं गुणलं की पॉवर. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं मी. पण परीक्षक म्हणाले, "आधी जोडून दाखव."

आणि मी जोडलं. सप्लायच्या एका खुंटीला लाल वायर, दुसऱ्या खुंटीला काळी, आणि दोन्हींची दुसरी टोकं सरळ अँमीटरला. मध्ये काही नाही. रोध बाजूलाच राहिला.

ज्याला यातलं माहीत नाही त्याला सांगते. अँमीटर असा जोडत नाहीत. तो वाटेत बसवायचा असतो. करंट आधी त्याच्यातून जाणार, मग रोधातून, मग परत. त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स नसल्यात जमा. सरळ सप्लायवर टाकला की करंटला अडवायला कोणी उरत नाही. सगळा लोंढा त्याच्या अंगावर.

मी असं का जोडलं? कारण मी वीज जोडताना आयुष्यात एकच माणूस पाहिला होता. माझा बाप. आमच्या पाड्याच्या वरून लाईन जाते. बाप लांब बांबूला वायर बांधतो, टोकाला वाकडा आकडा करतो, एक आकडा या तारेवर, एक त्या तारेवर. मग ज्याला चालवायचं त्याची दोन टोकं या दोन वायरींना. दिवा लागतो. वीज म्हणजे मला एवढंच माहीत होतं. दोन तारा, दोन टोकं. डोकं बंद पडलं, आणि हातांनी बापाचं काम केलं.

सरांनी ते बरोबर ओळखलं. ओळखणारच. त्यांना आमच्या घराची माहिती मीच दिली होती.

जुलैत त्यांनी वर्गात युनिट शिकवलं होतं. म्हणाले, उद्या प्रत्येकानं घरी फोन करून विचारा, महिन्याला किती युनिट पडतात. दुसऱ्या दिवशी एकेकाला उठवायला लागले. कोणी दीडशे, कोणी दोनशे, एकाच्या घरी एसी होता त्याचे साडेचारशे. माझी पाळी आली. मी म्हणाले, "सर, आमच्याकडे मीटर नाही."

"मग लाईट?"

"लाईट आहे."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे वळले आणि वळता वळता म्हणाले, "म्हणजे आकडेवाली." एवढंच. पाठ फिरवूनच म्हणाले. वर्ग फुटला नुसता हसून. त्या दिवसापासून माझं नाव तेच झालं. हजेरीत वेगळं, बाकी सगळीकडे आकडेवाली. मेसमध्ये, गेटवर, झेरॉक्सच्या दुकानात. मीही हाकेला ओ द्यायला लागले. माणूस कशाचीही सवय करून घेतो.

लाज वाटायची. खूप वाटायची. धुळ्याहून घरी जाताना बसच्या खिडकीतून विजेच्या तारा दिसल्या तरी मी मान खाली घालायची. सातपुड्याच्या अंगाला गाडी लागली की डांबाडांबावर आकडे दिसतात. बसमधल्या सगळ्यांना ते दिसताहेत आणि सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटायचं. कोणी बघत नव्हतं. पण लाजेला कोणी बघावं लागत नाही.

तर परीक्षेत असं झालं. कोणी विचारेल, सबंध सत्रभर प्रॅक्टिकल केली ना तू? मग एक अँमीटर जोडता येत नव्हता?

नव्हता. कारण मी कधी जोडलाच नव्हता.

आमची बॅच चौघांच्या टेबलांत वाटलेली. माझ्या टेबलावर मयूर होता. केळीच्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा, जळगावकडचा, दहावीपासून क्लास लावलेला. आणखी दोघे होते ते त्याचे मित्र. पहिल्याच दिवशी मी करंट कमीजास्त करायच्या रिओस्टॅटला हात घातला तर मयूर म्हणाला, "थांब थांब, तुझं अक्षर छान आहे ना? तू फक्त रीडिंग लिही." प्रेमानं म्हणाला हं. मला बरं वाटलं. कोणीतरी माझं काहीतरी छान आहे म्हणालं होतं. आश्रमशाळेत गुरुजींनी अक्षर घोटून घेतलेलं, ते माझं एकमेव भांडवल.

मग तेच ठरलं. ते तिघे जोडायचे, खेळायचे, काटा हलला की ओरडायचे, "तीन व्होल्ट, पॉइंट तीन!" मी लिहायची. मी भागायची, मी गुणायची, आलेख काढायची, चारही फायली सुंदर करून द्यायची. सर टेबलाशी यायचे, बघायचे, काही बोलायचे नाहीत. बाकीच्या टेबलांवरही असंच होतं. जिथं मुलगी तिथं पेन तिच्या हातात. जिथं दोन मुली तिथं एक लिहायची आणि एक बॉक्सातून वायरी काढून द्यायची. कॉलेजात हे कोणी ठरवलेलं नव्हतं, आणि कोणी मोडतही नव्हतं. मी तर खूष होते. मला वाटायचं, मला यात मान आहे.

गणित माझं कधी चुकलं नाही. त्या जळक्या अँमीटरसमोर उभी असतानासुद्धा माझ्या डोक्यात गणित चालू होतं. बारा व्होल्टचा सप्लाय. अँमीटरचा रेझिस्टन्स समजा शून्य पूर्णांक एक ओहम. बारा भागिले तेवढे म्हणजे एकशे वीस अँपिअर. आणि मीटर दोन अँपिअरचा. बिचारा राहील कसा? सगळं बरोबर कळत होतं मला. जळून झाल्यावर.

सर म्हणाले, "नापास तर आहेसच. फेरपरीक्षेला बसायचं असेल तर बापाला घेऊन ये. उपकरण जाळलंय तू. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी बसू देणार नाही."

मला अँमीटरचं काही वाटलं नाही. बापाचं वाटलं. फेरपरीक्षा नाही तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर होस्टेल गेलं, कारण आमच्या होस्टेलात नापासाला जागा नाही. आणि होस्टेल गेलं की परत पाडा आणि नानाच्या मळ्यात निंदणी. नाना म्हणजे आमच्या खालच्या गावचे मोठे शेतकरी. आमचा अर्धा पाडा त्यांच्याच मळ्यात राबतो. माझी आई तिथंच कमरेत वाकून वाकून म्हातारी झाली. मला ते नको होतं. म्हणून बापाला फोन केला.

त्याआधी एक गोष्ट झाली, ती सांगते. परीक्षेच्या दिवशी मी लॅबच्या मागे नळाशी हात धूत उभी होते. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी धूत होते. मयूर आला. हसणाऱ्यांत तोही होता, त्याचा आवाज मी ओळखला होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "मनावर नको घेऊ गं. आमच्या मळ्यातली मोटर बी आकड्यावरच चालते. फक्त बोलायचं नसतं."

आणि डोळा मारून गेला. त्याला वाटलं, तो माझी समजूत घालतोय.

मी नळ बंद केला. जुलैत यानं युनिट सांगितले होते. उठून, छाती पुढे काढून. घराचे सांगितले होते. मळ्याचे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

बाप आला. गुरुवारची पहिली गाडी धरून आला. अंगात धुवट सदरा, डोक्याला पिवळा रुमाल गुंडाळलेला. आमच्याकडे म्हातारी माणसं रुमाल बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. मी त्याला गेटवरून आत नेलं. तो कॉलेजच्या भिंतीकडे, पंख्यांकडे, ट्यूबलाईटांकडे बघत चालला होता. भर दुपारी सगळ्या लागलेल्या. मला म्हणाला, "बठ्ठा लागेल शेतस. कोनी बंद करत नई का?" मी म्हणाले, "चाल बा, लवकर."

सरांच्या खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. महिन्यापूर्वी मयूरचे वडील आले होते तेव्हा मी दारातच फाईल घेऊन उभी होते. "या, या, बसा," म्हणून सर स्वतः उठले होते, चहा मागवला होता. माझ्या बापाला कोणी बस म्हणालं नाही. बापानं डोक्याचा रुमाल काढला, हातात धरला आणि हात जोडले. सर त्याच्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान असतील.

"कुठून आलास?" सर म्हणाले.

बापानं गाव सांगितलं.

"मुलीनं काय केलंय माहीत आहे? मीटर जाळला. अँमीटर." मग बाजूला बसलेल्या मॅडमकडे बघून हसत म्हणाले, "हिला वाटलं घरचीच लाईन आहे." आणि बापाला, "घरी आकडा टाकतोस ना?"

मी मनात म्हणत होते, नाही म्हण. बा, नाही म्हण.

बाप म्हणाला, "हा साहेब, शे ना. दोन दिवा शेतस. मीटर मांगं व्हतं. जागाना कागद नई म्हनतस."

असं साधं, सरळ. हसून. जसं कोणी विचारावं की घरी गाय आहे का. मॅडमनी ओढणी तोंडाला लावली. सर खुर्चीत मागे रेलून हसले. बापही त्यांच्याबरोबर थोडा हसला, हात जोडलेलेच. मला त्या क्षणी आमच्या पाड्याची, आमच्या झोपडीची, त्या पिवळ्या रुमालाची आणि त्या हसण्याची इतकी लाज वाटली की जमीन फाटावी आणि मी आत जावं. आणि लगेच दुसरी लाज. की मला बापाची लाज वाटतेय. ती पहिलीपेक्षा मोठी होती. ती अजून गेलेली नाही.

"बसू दे साहेब पोरीले परीक्षाले," बाप म्हणाला.

"बसू देऊ. पण तिला सांग, हात लावायचा नाही कशाला. लिहायचं फक्त. तेवढं येतं तिला."

बापानं परत हात जोडले.

बाहेर आलो. रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर बसलो. बापानं रुमाल परत बांधला, नीट, हळूहळू, घडीवर घडी. मी त्याच्याकडे बघत नव्हते. चहा आला. बाप बशीत ओतून पीत होता. एकदम म्हणाला, "माले समजनं नई, असं वाटस का तुले?"

मी चहाचा कप उचलला.

"माले बठ्ठं समजनं. पन खोटं कसाले बोलू? दिवा त लागसच."

मी रडले. टपरीवर, माणसांत, नाक ओढून ओढून रडले. बापानं मला उगी केलं नाही. बशी पुसली, कपावर पालथी घातली. आणि मग एक विचारलं. आयुष्यात त्यानं माझ्या शिक्षणाबद्दल विचारलेली ती पहिली गोष्ट.

"आपला तो दिवा कितला खास व?"

म्हणजे किती वीज खातो. मी डोळे पुसले. सांगितलं, एक दिवा नऊ वॅटचा. दोन दिवे म्हणजे अठरा. लाईन दोनशे तीस व्होल्टची. नऊला दोनशे तीसनं भागलं तर एका दिव्याचा करंट येतो अगदीच चिमूटभर, शून्य पूर्णांक शून्य चार अँपिअर. व्होल्टेजला त्या करंटनं भागलं तर रेझिस्टन्स निघतो सहा हजार ओहमच्या जवळपास. म्हणजे आपला दिवा विजेला फार अडवतो, थोडीच घेतो. बाप मान हलवत होता. त्याला ओहम कळला नसेल. थोडीच घेतो, हे कळलं.

"आनि नानानी मोटार?"

नानांची मोटार. विहिरीवरची, पाच हॉर्सपॉवरची. तिच्या वायरी पण लाईनवर आकड्यानंच टाकलेल्या आहेत. पाड्याला माहीत आहे, गावाला माहीत आहे. वायरमन आला की पाड्यावरचे आकडे काढतो, आमच्या वायरी गुंडाळून घेऊन जातो आणि जाताना मोटारीच्या बांधावर बसून चहा पितो. मी लहानपणापासून हे बघत होते. पण मी त्याचं गणित कधी मांडलं नव्हतं. चार-चार फायलींत गणितं मांडली, हे नाही मांडलं.

एक हॉर्सपॉवर म्हणजे सातशे सेहेचाळीस वॅट. पाच म्हणजे साडेतीन हजाराच्या वर. आमच्या पाड्यावर चाळीस घरं. घराला अठरा वॅट धरले तर अख्खा पाडा मिळून सातशे वीस.

मी बापाला म्हणाले, "बा, नानानी एक मोटार म्हंजे आपला पाच पाडा."

बापानं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. रिक्षा जात होत्या, कॉलेजची पोरं जात होती. मग म्हणाला, "मंग तुन्हा सरले हाऊ हिसाब येत नई का?"

खरंच विचारत होता. चिमटा नव्हता त्यात. त्याला वाटलं, एवढं मोठं कॉलेज, एवढ्या ट्यूबलाईट, एवढा शिकलेला माणूस, त्याला हे यायला पाहिजे. मी काय सांगणार? सरांना येतं. सरांना उत्तम येतं. त्यांनीच शिकवलंय मला. पण त्यांनी ते आमच्या दिव्यापाशीच थांबवलं, मोटारीपर्यंत नेलं नाही. आणि मीही नेलं नाही. मी सहा महिने मान खाली घालून अठरा वॅटची लाज वागवत होते.

बाप दुपारच्या गाडीनं गेला. गाडीत चढताना म्हणाला, "हात लाव व तू. दिवा लावाले मी कोठे कोनले इचारं व्हतं?"

पुढच्या मंगळवारी दुसऱ्या सत्राची पहिली प्रॅक्टिकल होती. तेच टेबल, तेच चौघे. सर दारातून आत आले आणि म्हणाले, "आकडेवाली, तू बाजूला बस. लिही." मयूरनं फाईल उघडून माझ्यापुढे सरकवली, वर पेन ठेवलं. सवयीनं. त्यात त्याचा राग नव्हता की काही नव्हतं. तसंच चालत आलेलं होतं.

शूर वगैरे काही नव्हते मी, हे आधी सांगते. मी पेन उचललं आणि मयूरच्या पुढ्यात ठेवलं.

"मी लिहिणार नाही. मी जोडणार."

"काय?" सर थांबले.

"मी जोडणार, सर."

"परत जाळशील."

"मी सहा महिन्यांत कधी हात लावला नाही, सर. म्हणून जाळला. मला लावू दिला नाही. तुम्ही बघत होता."

सरांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, "बापाला सांगितलं होतं ना मी? घरी आकडे टाकायचे आणि इथं येऊन तोंड वर करायचं?"

खोलीत परत हसू सुरू झालं होतं. अर्धवट, इकडून तिकडून. मला वाटलं, आता मान खाली जाणार. नेहमी जायची. गेली नाही.

"आमच्या घरी आकडा आहे, सर. दोन दिव्यांचा. अठरा वॅट. जागेचा कागद देत नाहीत म्हणून मीटर देत नाहीत. आता इथं ज्यांच्या ज्यांच्या मळ्यात मोटारी आहेत त्यांना विचारा. मोटार कशावर चालते, आणि किती वॅटची आहे. फळ्यावर लिहा, सर. मी बेरीज करते."

कोणी हसलं नाही. मी मयूरचं नाव घेतलं नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो फाईलकडे बघत होता. मागच्या टेबलावरचे दोघे खाली बघत होते. कोण कोण खाली बघतंय, ते सरांना दिसत होतं, आणि त्यात कोणाचे वडील येऊन त्यांच्यापुढच्या खुर्चीत बसून गेलेत, तेही त्यांना माहीत होतं.

"भाषण पुरे," सर म्हणाले. आवाज खाली आला होता. "जोडायचंय ना? जोड. जळालं तर बाहेर."

मी जोडायला लागले. सप्लाय, मग अँमीटर, मग रोध, मग रिओस्टॅट, परत सप्लाय. एकामागे एक, एकाच वाटेत. व्होल्टमीटर रोधाच्या दोन टोकांना आडवा. स्विच टाकला. अँमीटरचा काटा उलटा गेला. शून्याच्या मागे जाऊन आपटला. टोकं उलटी लावली होती मी. मागून कोणीतरी खुदकन हसलं. मी स्विच बंद केला, दोन वायरी काढल्या, अदलाबदल केल्या, परत टाकला. काटा हळूहळू वर चढला.

सहा व्होल्ट. शून्य पूर्णांक सहा अँपिअर. रेझिस्टन्स दहा ओहम. पॉवर तीन पूर्णांक सहा वॅट. मोठ्यानं वाचलं मी. माझ्या हातानं उभं केलेलं पहिलं रीडिंग.

मयूर कुजबुजला, "अगं लिही ना मग आता. आलंय ना?"

"तुझं तू लिही," मी म्हणाले.

त्या दिवशी त्या टेबलावर तीन फायली वेड्यावाकड्या अक्षरांत गेल्या आणि तिघांनाही गुण कमी पडले. त्यावरून मयूर माझ्याशी आजतागायत बोललेला नाही. मोटारीच्या गोष्टीवरून नव्हे बरं. अक्षरावरून.

फेरपरीक्षेला मी काठावर पास झाले. सरांनी तोंडी परीक्षेत हात आखडता घेतला, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. आता मी दुसऱ्या वर्षाला आहे. नाव सुटलेलं नाही. गेटवर अजून कोणी ओरडतं, आकडेवाली. मी थांबते. आधी थांबायची तशी नाही. वळून विचारते, "हो. दोन दिव्यांचा आहे. तुमच्याकडे कशाचा आहे?" बहुतेक जण पुढे निघून जातात.

लाज गेली का? नाही. खोटं कशाला सांगू? बस सातपुड्याकडे वळली की अजून आधी शेजारच्याकडे चोरून बघते. खोलीतलं बापाचं ते हसणं आठवलं की कानशिलं तापतात. पण आता मी मान खाली घालत नाही. खिडकीतून आकडे मोजते. कुठला दिव्यावर जातो आणि कुठला विहिरीवर, ते वायरीच्या जाडीवरून ओळखता येतं. जाड वायर कधीही पाड्यावर जात नाही.

आमच्या घरी मीटर अजून नाही. बाप दरवर्षी उन्हाळ्यात वीज ऑफिसात जातो. जागेचा कागद आण म्हणतात, परत येतो. दारातच रुमाल काढून हातात धरतो, हात जोडतो, बस म्हणायची वाट बघतो, कोणी म्हणत नाही.

या मे महिन्यात मी त्याच्याबरोबर जाणार आहे. अठरा वॅट आणि साडेतीन हजार वॅट, दोन्ही तिथं मोठ्यानं सांगणार आहे, साहेबापुढे, वायरमनपुढे, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांपुढे. मीटर देतील की हाकलतील, मला माहीत नाही. हाकललं तर पुढच्या मे महिन्यात परत जाणार. समोर खुर्ची रिकामी असली तर बाप तिच्यात बसणार, कोणी म्हणो न म्हणो. आणि डोक्याचा रुमाल काढणार नाही. मी काढू देणार नाही.